हिशेबाची वही आणि तिजोरीची किल्ली

सुरत म्हटले की मराठी माणसाला प्रथम 1664 आणि 1670 ही दोन साले आठवतात. राजकारणाचा इतिहास वाचणाऱ्यांना 1907 आठवते. तापीकाठच्या त्या काँग्रेस अधिवेशनात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि जहाल व मवाळ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ही प्रकरणे गाजलेली आहेत. परंतु सरकारी कारभारात शिरलेल्या संगणकाविषयी लिहावयास बसलो असता आम्हांला आठवण होते ती सुरत जिल्ह्यातल्याच आणखी एका प्रकरणाची. ते प्रकरण म्हणजे बार्डोलीचा सारा.

बार्डोलीचा 1928 चा लढा आपण पाठ्यपुस्तकात वाचतो तो निर्धाराची कथा म्हणून. ती तशी आहेच. वल्लभभाई पटेल 'सरदार' झाले ते तेथे. पण त्या लढ्याच्या मुळाशी एक हिशेब होता, हे आपण विसरतो. जमाबंदीचे काम करणारे डेप्युटी कलेक्टर जयकर यांनी साऱ्यात सुमारे 30 टक्के वाढ सुचवली. त्यांच्या वरचे जमाबंदी आयुक्त अँडरसन यांना जयकरांची रीत पसंत पडली नाही. त्यांनी खंडाच्या आकड्यांवर भिस्त ठेवून निराळ्या वाटेने 29 टक्के काढले. मुंबई सरकारने दोन्ही बाजूला सारून 22 टक्क्यांवर बोट ठेवले. शेतकऱ्यांचे म्हणणे एवढेच होते की हा हिशेब चुकीचा आहे; तो एखाद्या निःपक्षपाती माणसाकडून तपासून घ्या. सरकारचे उत्तर होते : आधी सारा भरा, मग चौकशीचे पाहू. जप्त्या झाल्या, गुरे पळवली गेली, जमिनी लिलावात काढल्या गेल्या, आणि अखेर सरकारला चौकशी नेमावी लागली. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी ती केली. ब्रूमफील्ड म्हणजे 1922 मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची सजा सुनावणारे न्यायाधीश. ते शेतकऱ्यांचे पक्षपाती आहेत असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. हे दोघे गावोगाव गेले, खंडाचे आकडे पडताळून पाहू लागले, आणि त्यांना आढळले की ज्या आकड्यांवर एवढा डोलारा उभा केला होता ते कोणी नीट तपासलेच नव्हते. योग्य वाढ ठरली सुमारे 6 टक्के. सरकारच्या तीन पायऱ्यांवर तीन आकडे निघाले होते. वही उघडली तेव्हा चौथाच निघाला.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण असे की आता जमाबंदी अधिकारी राहिलेला नाही. म्हणजे पद आहे, खुर्ची आहे, शिक्का आहे; पण हिशेब त्याच्या हातून निघून आज्ञावलीच्या हाती गेला आहे. घरपट्टी किती, शिधापत्रिका चालू की बंद, शिष्यवृत्तीच्या यादीत मुलाचे नाव आहे की नाही, हे सारे संगणक ठरवतो. खिडकीपाशी उभ्या असलेल्या नागरिकाने का म्हणून विचारले तर आतून उत्तर येते, "संगणकात तसेच येते, आमच्या हातात काही नाही." हे उत्तर आमच्या वाचकांपैकी ज्याने ऐकले नाही असा भाग्यवान विरळा. 1928 चे सरकार निदान जयकरांचे नाव तरी सांगू शकत होते.

आज्ञावली ही काही गूढ वस्तू नव्हे. ती कोणी तरी अक्षरांत लिहिलेली असते. ह्या लिखाणाला मूळ संहिता, त्या धंद्यातल्या लोकांच्या भाषेत सोर्स कोड, म्हणतात. ती जेथे ठेवली जाते, जेथे तिच्यातला प्रत्येक बदल कोणी केला व केव्हा केला याची नोंद राहते, त्या कोठाराला रिपॉझिटरी म्हणतात. कोठाराला दार असते, आणि दार म्हटले की ते कोणासाठी उघडे व कोणासाठी बंद हा प्रश्न आला. केंद्र सरकारने 2015 मध्ये या बाबतीत चांगले धोरण जाहीर केले : सरकारी कामासाठी खुल्या संहितेला अग्रक्रम द्यावा, आणि सरकारने करवून घेतलेल्या आज्ञावल्यांची संहिता इतरांनाही वापरता येईल अशी खुली करावी. 2017 मध्ये त्यासाठी ओपनफोर्ज नावाचे सरकारी कोठारही काढण्यात आले. धोरण कागदावर उत्तम आहे. परंतु आपल्या नगरपालिका आणि महापालिका ज्या निविदा काढतात, त्यांत संहितेचे काय होणार याबद्दल बहुधा मौन असते. आज्ञावली ठेकेदाराची, तिचा पत्ता ठेकेदाराला ठाऊक, आणि ठेका संपला की शहराच्या हाती नुसती पावती.

अधिकाऱ्यांना विचारले तर ते एक भीती बोलून दाखवतात, आणि ती अगदीच पोकळ नाही. संहिता चव्हाट्यावर मांडली तर चोराला घराचा नकाशाच मिळेल, असे ते म्हणतात. ह्या भीतीला उत्तर फार जुने आहे. ऑग्युस्त केर्कहोफ्स नावाच्या भाषेच्या प्राध्यापकाने 1883 मध्ये लष्करी सांकेतिक लिपीविषयी लिहिताना सांगून ठेवले की सांकेतिक पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी नुकसान होता कामा नये. गुप्त ठेवायची ती केवळ किल्ली. कुलपाची बनावट लपवून ज्याची सुरक्षितता टिकते ते कुलूपच कच्चे. जगातले सर्वांत वेगवान 500 महासंगणक 2017 पासून लिनक्स या प्रणालीवर चालत आले आहेत. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ती 1991 मध्ये सुरू केली. तिची संहिता आजही कोणीही वाचू शकतो. मात्र वाचणारे लक्षावधी असले तरी मुख्य प्रतीत बदल मिळवून घेणारा हात एकच, फार तर त्याच्या विश्वासातल्या थोड्यांचा. वाचणे आणि लिहिणे हे दोन निराळे हक्क आहेत, हा भेद ध्यानात घेतला तर या वादातला अर्धा गोंधळ मिटतो.

सुरतकरांना हा भेद संगणकाशिवायही समजेल. शहरापासून शंभरेक किलोमीटरवर तापीवर उकाई धरण आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये वर, म्हणजे पुष्कळसे आपल्या खानदेशाच्या बाजूला, मुसळधार पाऊस झाला आणि धरणातून सेकंदाला 9 लाख घनफुटांच्या आसपास पाणी सोडावे लागले. सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, माणसे वाहून गेली, घरे चिखलाने भरली. त्यानंतर नागरिकांनी जो प्रश्न विचारला तो पावसाबद्दल नव्हता. धरणात किती पाणी केव्हा होते आणि ते आधी थोडे थोडे का सोडले नाही, असा तो होता. आता धरणाच्या दरवाजाची कळ कोणीही येऊन फिरवावी असे कोणी म्हणणार नाही. ती बंदिस्तच हवी. पण पाण्याची पातळी, आवक, आणि कोणत्या दिवशी कोणत्या पातळीपर्यंत पाणी साठवायचे याचा नियम, हे सारे नदीकाठी राहणाऱ्या शेवटच्या माणसाला दिसले पाहिजे. पातळीचा आकडा लपवून कळ सुरक्षित होत नाही.

कोरोनाच्या साथीत हाच प्रश्न मोबाइलमधून घराघरांत आला. परदेशातून परतलेल्या व घरात विलग राहिलेल्या लोकांवर लक्ष ठेवण्यासाठी सुरत महापालिकेने 2020 च्या मार्चमध्येच स्वतःचे अ‍ॅप केले. माणूस कोठे आहे हे त्यातून पालिकेस कळत असे. पाठोपाठ 2 एप्रिलला केंद्राचे आरोग्य सेतु आले. काही आठवड्यांत ते कोट्यवधी लोकांच्या हाती गेले, आणि त्याच्या पहिल्या अटींत अ‍ॅपची उकल करून आत पाहण्यास मनाई होती. म्हणजे ज्याच्या खिशात ते बसले होते त्यानेच आत डोकावायचे नाही! टीका झाली तेव्हा 26 मे 2020 रोजी अँड्रॉइड अ‍ॅपची संहिता खुली करण्यात आली, दोष दाखवणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. सरकारच्या पदरी हे श्रेय टाकलेच पाहिजे. जगात फार थोड्या सरकारांनी एवढ्या मोठ्या अ‍ॅपच्या बाबतीत ते केले. परंतु जाणकारांनी लवकरच दाखवून दिले की कोठारात ठेवलेली संहिता आणि लोकांच्या मोबाइलमध्ये चालणारे अ‍ॅप यांचा मेळ बसत नाही, आणि माहिती जेथे जाऊन साठते त्या बाजूची संहिता तर तेथे नाहीच. ती नोव्हेंबरात आली. दरम्यान ऑक्टोबरात केंद्रीय माहिती आयोगाला सरकारी खात्यांवर नोटीस काढावी लागली, कारण हे अ‍ॅप कोणी तयार केले या साध्या प्रश्नाचे धड उत्तर कोणी देईना.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, अशी आपल्याकडे म्हण आहे. खुल्या कोठाराच्या बाबतीत हीच खरी मेख आहे. दाखवलेली संहिता आणि चालवलेली संहिता एकच आहे हे कोणाही तिऱ्हाइताला पडताळून पाहता आले नाही, तर कोठार उघडे ठेवणे हा केवळ दुकानाच्या काचेतला देखावा होतो.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण सरकारी नव्हे. 2024 च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या एका लहानशा आज्ञावलीचे प्रकरण उघडकीस आले. माहिती दाबून लहान करण्याचे हे साधन असंख्य संगणकांत निमूटपणे बसलेले असते. ते वापरणाऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते. ते सांभाळणारा गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकटाच, विनामूल्य काम करीत होता, थकला होता. जिआ टॅन असे नाव धारण केलेल्या कोणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत केली, विश्वास संपादन केला. कामे लवकर होत नाहीत म्हणून त्या गृहस्थास टोचून बोलणारेही कोठून कोठून उगवले. आणि अखेर कोठारात लिहिण्याची किल्ली त्या नव्या हातात गेली. मग त्याने चोरदार बसवले. ते बसवले कसे हे पाहण्यासारखे आहे. चोरदार उघडणारा महत्त्वाचा तुकडा त्याने सर्वांना दिसणाऱ्या कोठारात ठेवलाच नाही; लोकांना वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा तो घातला. वहीत एक आणि पावतीवर दुसरेच!

हा डाव पकडला तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दुसऱ्या संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे एवढेच त्याच्या लक्षात आले होते. एखाद्याने हातातले घड्याळ थोडे मागे पडले म्हणून दुर्लक्ष केले असते. त्याने संहिता उघडली, गठ्ठा उघडला, दोन्ही ताडून पाहिले, आणि 29 मार्च रोजी जगाला सावध केले. हा चोर आत शिरला तो खुल्या कोठारातून, असे बंद दाराचे समर्थक म्हणतील, आणि ते खोटे नाही. पण तो पकडला गेला तोही वाचण्याचा हक्क सर्वांना होता म्हणून. बंद कोठारात तो शिरला असता तर फ्रॉइंडला अर्ध्या सेकंदाचा संशय मनातच ठेवावा लागला असता. दोष वाचणाऱ्यांच्या गर्दीचा नव्हता. लिहिण्याची किल्ली कोणाला द्यावी याविषयीच्या गाफीलपणाचा होता, आणि ज्याच्या खांद्यावर जगाचा भार होता त्या एकट्या माणसाला कोणी छदामही दिला नाही, याचा होता.

आमच्या किनारपट्टीवरील देवस्थानांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. सभामंडप सर्वांसाठी, गाभाऱ्यात पुजारी, आणि फंडाच्या पेटीला एकाहून अधिक किल्ल्या, त्या निरनिराळ्या माणसांपाशी, म्हणजे एकट्याला पेटी उघडता येऊ नये. जमाखर्च मात्र वर्षातून एकदा सर्वांपुढे वाचावयाचा. याच देवळांनी सभामंडपाचे दारही जन्म पाहून कित्येक पिढ्या बंद ठेवले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. दार बंद ठेवण्याचे कारण सांगता आले नाही की त्याला परंपरा म्हणण्याची सोय असते. आजकाल त्याच सोयीला सुरक्षितता म्हणतात.

यावरून सारेच उघडे असावे असा अर्थ कोणी काढू नये. घरपट्टीचे सूत्र उघडे हवे. पण कोणत्या घरात कोण राहतो, कोणाची थकबाकी किती, कोण आजारी होता, ही नागरिकाची मालमत्ता आहे आणि ती कुलपातच हवी. साथीच्या दिवसांत रुग्णांची नावे व पत्ते गावभर झाल्याने काय झाले ते आपण पाहिले. शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली. आरोग्य सेतुची माहिती 180 दिवसांपलीकडे ठेवू नये असा नियम 2020 च्या मे महिन्यात करण्यात आला होता, तो रास्त होता. तसेच संहितेत एखादे भगदाड सापडले तर ते बुजवेपर्यंत त्याची दवंडी पिटणे शहाणपणाचे नाही. खुल्या संहितेची कामे करणाऱ्या मोठ्या मंडळींतही अशा गोष्टी काही दिवस मोजक्या लोकांत ठेवण्याचा रिवाज आहे. मात्र त्या गुप्ततेला मुदत असते. दिवस ठरलेले असतात, आणि ते संपले की दोष व त्याचा इलाज दोन्ही जाहीर होतात. आपल्याकडे सरकारी गुप्ततेला आरंभ असतो, अंत नसतो. आणि भगदाड दाखवणारा सज्जन आपल्यावरच गुन्हा दाखल होईल या धास्तीने गप्प बसतो.

खाजगीपणाच्या नावाखाली हिशेब झाकण्याची युक्तीही आता हाताशी आली आहे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील आठव्या कलमाला हात घातला. वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे की नाही हे त्याच ठिकाणी तोलण्याची जी अट होती ती गाळण्यात आली. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येईल, ही दुसरी तरतूद शिल्लक आहे. पण ती वापरण्याचे धैर्य किती माहिती अधिकारी दाखवतील? नागरिकाची माहिती झाकण्यासाठी केलेला पडदा अधिकाऱ्याच्या सहीवरही ओढला जाणार असेल तर तो कोणाचे रक्षण करतो हे विचारावे लागेल.

आणखी एक गोष्ट आहे. कोठार कोणाच्या जमिनीवर उभे आहे? जगातील बहुतेक खुल्या संहिता आज गिटहब या ठिकाणी साठवल्या जातात. ते 2018 पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे. 2014 च्या डिसेंबरात दहशतवादी मजकुराचे कारण देऊन आपल्याच सरकारने 32 संकेतस्थळे बंद केली, त्यांत हेही होते. देशभरच्या संगणक अभियंत्यांना काही दिवस आपलेच काम दिसेनासे झाले. 2019 मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, क्रिमिया आदी प्रदेशांतील लोकांची तेथील खाजगी कोठारे बंद झाली, सार्वजनिक तेवढी उघडी राहिली. दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलेल्या पेटीचे असेच होते. शिवकालाविषयी आपण जे जाणतो त्यातला मोठा भाग सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनी आपल्या कंपनीसाठी, आपल्या सोयीने, लिहिलेल्या पत्रांतून आला; ती पुण्याच्या अभ्यासकांनी 1931 मध्ये एकत्र छापली तेव्हा सामान्य वाचकाच्या हाती पडली. आपल्या घरपट्टीच्या सूत्राची प्रत आपल्या घरी असावी, त्यासाठी अडीच शतके थांबावे लागू नये, ही अपेक्षा अवास्तव नाही.

सुरत हे गरीब किंवा मागासलेले शहर नाही. स्मार्ट शहरांच्या 2020 च्या स्पर्धेत तिने इंदूरबरोबर पहिला मान घेतला. तेथे सरदार वल्लभभाईंच्या नावाची राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था आहे. महापालिकेच्या मराठी शाळांत उधना-लिंबायतच्या खानदेशी कामगारांची मुले शिकतात, आणि त्यांतली काही उद्या ह्याच संहिता वाचतील व लिहितील. अशा शहराने वाट दाखवावी. पण ठाणे, वसई-विरार, रत्नागिरी आणि पणजी यांनी तिची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी आज्ञावलीची निविदा काढताना तीत एवढेच लिहावे : संहिता नगरपालिकेची व जाहीर; चालू प्रत जाहीर प्रतीशी ताडून पाहण्याची सोय; लिहिण्याचा अधिकार दोन नावांच्या संमतीने, आणि ती नावे जाहीर; नागरिकांची माहिती वेगळ्या कुलपात, मुदतीसह; आणि संहिता सांभाळणाऱ्याच्या वार्षिक पगाराची तरतूद. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, विधिमंडळाची बैठक लागत नाही. आयुक्तांची सही पुरते.